एकच ऑइल साऱ्या गाड्यांना

एसीत बसून नव्या-जुन्या साऱ्या अ‍ॅम्ब्युलन्सना एकच पातळ ऑइल ठरवून देणाऱ्या साहेबा, मे महिन्यातला यवतमाळचा चढ तू कधी पाहिलास?

दारव्ह्याकडच्या एका सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर शीला बसली होती. आत तिची जाऊ बाळंतपणात अडली होती, तिला यवतमाळला न्यायचं होतं. समोर जुन्या अ‍ॅम्ब्युलन्सचं बॉनेट उघडून ड्रायव्हर बळीराम कारकून शामशी हुज्जत घालत होता.

"बळीरामभाऊ, निघा ना! कालच तं ऑइल बदललं."

"म्हणूनच भेव लागून राह्यलं. झिरो डब्ल्यू ट्वेंटी हाय हे, पान्यावानी. नव्या गाडीचं."

"वरून तेच आलं."

"आपलं इंजिन झिजलं, शाम. त्याले ट्वेंटी डब्ल्यू फिफ्टी लागते, घट्ट. हे तापलं का अजून पातळ होते. काल चढावर ऑइलचा दाब उतरला, मीटरातली लाल बत्ती पेटली."

"मंग?"

"मंग काय, गाडी थंडी होऊ देली अन् आलो. रिकामी होती म्हणून जमलं."

"मंग घट्टच टाका बाजारातून."

"अन् मेमो कोन घेते? तू?"

"मले कायले गुतवता?"

शीला उठली.

"भाऊ, लावा फोन तुमच्या साहेबाले. माह्या जावंले घेऊन हे गाडी पोचन का नाही, त्याच्याच तोंडून आयकाचं हाय मले."