ड्रायव्हरची सीडी

आता तुम्हीच सांगा, मले राग येईल का नाई? आरमोरीत टायपिंगच्या कामासाठी कंप्युटर घेतला, अन् दोन महिन्यांत विंडोज पुन्हा टाकावी लागली. तेव्हापासून पडद्यावर एकेक अक्षर वांग्याएवढं! दुकानदार फोनवर म्हणे, "भाऊ, पडदा नीट दाखवणारा ग्राफिक्सचा ड्रायव्हर नाई. खोक्यात आलेली सीडी टाका, नाईतं कंपनीच्या साइटवरून उतरवा. दुसऱ्या कोणाची टाकू नका."

सीडी घरात सापडेच ना. एसटीनं गडचिरोलीले गेलो, नेट कॅफेत तीन तास ड्रायव्हर उतरवत बसलो, अन् संपत आला तं नेटची लाइनच तुटली! घरी येऊन सीडीसाठी बोंबललो. बाबा शांतपणे म्हणे, "थे चमकणारी चकती काय? धानाच्या बांधीत टांगली. पोपट धान खायले येऊन राह्यले होते."

पळतच गेलो. सीडी वाऱ्यानं काठीवर आपटून आपटून पार खरवडली होती. मी ओरडलो, "मले विचारलं काऊन नाई?"

बाबा माह्यावरच भडकले, "हात लावू नको तिले! पंधरा दिवसांत तुह्या कंप्युटरवर एक गिऱ्हाईक आलं नाई, अन् तिच्यामुळं बांधीत एक पाखरू आलं नाई. आता सांग, काम कोण करून राह्यलं?"