माळावरचा तुरुंग

आमच्या माळावरचा तो पडका गोल बुरूज तुम्ही पाहिलाय ना? दार नाही, वरून उघडा, खाली माणूस सरपटत जाईल एवढं भोक. नामदेवकाका सांगायचे, "तुरुंग हाय तो. वरून कैदी टाकायचे, खालून भाकरी."

माझा मोठा भाऊ अंबडला कंपनीत भट्टीवर कामाला होता. तो म्हणायचा, "काका, चुन्याची भट्टी आहे ती. आपलं देऊळ, बारव कशानं बांधली मग?"

"कंपनीत गेल्यापासून ह्याला सगळीकडं भट्टीच दिसती!" काका म्हणायचे आणि सगळा पार हसायचा.

भाऊ वारला त्याला महिनाही झाला नव्हता, आणि काका पारावर पाहुण्यांना पुन्हा तुरुंग सांगत बसलेले. माझं डोकंच फिरलं. त्यांना हाताला धरून माळावर नेलं आणि बॅटरी घेऊन भोकात शिरलो.

"अरे, साप असंल!" काका ओरडले.

भाऊ सांगायचा, भट्टी पेटवण्याआधी आतून हातानं माती लिंपतात. मी बॅटरी मारली. भिंतभर मातीत बोटं उमटलेली, ती माती भाजून विटेसारखी पक्की झालेली, वर पांढरा चुना. कुणाच्या तरी खापरपणज्यानं फिरवलेला हात, काल फिरवल्यासारखा. मी त्यात माझी बोटं ठेवली. आमचं देऊळ, बारव, सगळं ह्या भट्टीच्या पोटातून निघालं होतं.

मी आतूनच ओरडलो, "दादा, तुझंच खरं रे!"

काकांनी भोकातून डोकं आत घातलं. मग काकांचा आवाज आला, "हो रे पोरा. त्याचंच खरं."