टाच किती वेळा उचलली

भिलाईच्या दवाखान्यात जया बाकावर आपल्या नंबराची वाट पाहत बसली होती. शेजारी एक नवरा-बायको भांडतच येऊन बसले. नवरा नव्या भट्टीच्या बांधकामावर खलाशी होता, उंचावर चढून लोखंडी गर्डर बसवणारा.

“डॉक्टरनं चिठ्ठीवर कामाले फिट लिवून देलं, अन् तुमी चूप राहिले?”

“डॉक्टरनं पायाले हात लावला अन् बाहेर रेट म्हणे. मी रेटला. त्याचाच हात सरकला.”

“सारा मांडीचा जोर लावला असन, घोट्याचा नाही.”

“ताकत दाखव म्हणे, तं काय मरतुकड्यावानी दाखवू?”

“दोन महिन्यांत चारदा घोटा मुरगळला, हे सांगितलं?”

“त्यानं इचारलं नाही.”

“अन् उद्या साठ फुटांवर गर्डरवर मुरगळला, तं तुमच्या जागी हे चिठ्ठी लटकन का? उठा. चांगल्या पायावर उभे राहा. टाच उचला, टेका, अन् मोजा.”

“लोक पाहून राहिले.”

“पाहू द्या.”

वीस झाले. जयाही मनात मोजत होती.

“आता दुखऱ्या पायावर.”

“एक. दोन. तीन.”

चौथ्याला घोटा बाहेर कलला आणि त्यानं भिंत धरली.

खिडकीतून कंपाउंडर म्हणाला, “काय पुंडलिकभाऊ, सकाळीच तं फिट झाले. आता कावून आले?”

बायको बोलणार, तोच पुंडलिकनं तिला हातानं थांबवलं.

“चिठ्ठी वापस घ्या. डॉक्टरले बाहेर बोलवा. मी गर्डरवर चढत नाही, अन् कावून चढत नाही, ते त्याले इथं उभा राहून दाखवतो.”