दोन कॉम्प्युटर, एक कीबोर्ड

आमच्या सुमीच्या टेबलावर दोन कॉम्प्युटर, एक ऑफिसचा, एक तिचा. कीबोर्ड आणि माउस मात्र एकच. बटण दाबलं की इकडचा तिकडं चालतो.

साहेब तिच्या मागं लागलेला, चेन्नई सोडून बंगळुरूला जा नाहीतर नोकरी सोड. त्यातच स्थळ आलं, मुलाच्या आईला सून कोइमतूरला हवी.

मी म्हटलं, "लिही त्यांना. माझी मुलगी चेन्नई सोडणार नाही. पटत असेल तर बोला, नाहीतर दुसरी बघा."

सुमीनं इंग्रजीत लिहून पाठवलं आणि किंचाळली, "आई, बटण दाबायचं राहिलं! ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून साहेबांना गेलं!"

"जाऊ दे. खोटं काय आहे त्यात?"

ती रडकुंडीला आली. तेवढ्यात साहेबाचं उत्तर आलं, "सरी अम्मा, ठीक आहे, चेन्नईतच राहू दे."

मी म्हटलं, "आता दाब बटण, आणि तेच तिकडं पाठव."