दोराभर कापड

“नवी नवी चोळी, तिची नवी वेलबुट्टी,
देहाच्या जुनेपणाला कधी रे सुट्टी?”

मंडळी, पन्नास वर्षं झाली, हा आवाज अजून कानात आहे! आमच्या आळीतली शेवंताकाकू, केरबा शिंप्याची बायको — धावदोरा घालता घालता गायची. प्रश्न बघा केवढा! डॉक्टर सांगतात, कातडीच्या पेशी महिन्याभरात बदलतात. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं! मग सगळंच नवं, तर म्हातारं होतं कोण? — हसू नका हो आजोबा, तुमचं नाव घेतलं का मी?

ऐका! केरबा दर दसऱ्याला बायकोला खणाची चोळी शिवायचा. माप कुठलं? गेल्या सालच्या चोळीचं! ती खणावर पसरायची, शिवणीला जादा न सोडता कडेकडेनं कात्री — कर्रर्र! जुनीचं मग पोतेरं. पण शिवणीत दर खेपेला दोराभर कापड जायचं. दोराभर! कुणाला कळतंय? काकू श्वास आवळायची, गाठ मारायची. तिसाव्या दसऱ्याला मात्र — गाठच बसेना!

“अगंबाई, मीच फुगले की!”

जेवण सोडलं. पुढ्यात पुरणपोळी, आणि ही नुसत्या ताकावर!

दुसरी एखादी बसते का बघायला केरबानं ट्रंक उपसली. तळाशी पोतेऱ्यातून वाचलेली लग्नातली चोळी, त्यानंच शिवलेली. नवीवर ठेवली — चार बोटं मोठी! म्हणजे दरसाल चोळीच आटत गेली हो! पण पंचक्रोशीत मिरवलेला शिंपी, चूक कबूल करेल? गिळून बसला. आठ दिवस!

देहातही हेच, मंडळी! नवी पेशी ही कालच्या पेशीची नक्कल, ती परवाच्या. दर नकलेत आतल्या गुणसूत्राच्या टोकाशी दोराभर झीज, कधी एखादा टाका चुकलेला. झिजता झिजता पेशी म्हणते, “आता पुढं नाही बाई!” म्हणून रोज नवे होता होता आपण म्हातारे!

तेव्हा आरशाशी भांडू नका. देहाचा शिंपी काही कबुली द्यायला यायचा नाही. पण तुमची कात्री? ती चुकली म्हणून घरात कुणी उपाशी बसलंय — आणि तुम्ही इथं टाळ्या वाजवताय!

केरबा? नवव्या दिवशी त्यानं पोळीवर तुपाची धार धरली. लग्नातली चोळी काकूच्या मांडीवर ठेवली. मान वर होईना —

“जेव गं शेवंते. तू नाही फुगलीस. तीस वर्षं माझीच कात्री चुकत होती.”