चमचा सुटला, घास सुटेना

मी लाड करते म्हणे! अरे, काय झालं ते ऐका तरी. आमचा गुंड्या म्हणजे कॉकॅटिएलचं पिल्लू, गालांना शेंदूर फासल्यासारखा छोटा पोपट. दाणे टिपायच्या वयाचा झाला तरी त्याला चमच्यानं भरवलेली पातळ पेजच हवी. चामराजपेटेतला पक्षी विकणारा कानडी दुकानदार म्हणाला, "स्वल्प भूखा रखो मॅडम, अपने आप खाएगा." मी साफ नाही म्हटलं. उपाशी ठेवून जेवायला शिकवायचं, ही कुठली रीत? दाणे समोर ठेवीन आणि चमचाही देईन. सोडायचा तेव्हा तोच सोडेल.

त्यात सासूबाई पुण्याहून आलेल्या. त्यांचं रोजचं पालुपद, "अगं, किती भरवशील? अशानं तो जन्मात आपलं आपण खायचा नाही."

परवा दुपारीही मी गुंड्याला भरवत असताना तेच सुरू झालं. आणि हे बोलताना त्या स्वतः काय करत होत्या? निखिल, म्हणजे माझा नवरा, लॅपटॉपवर मीटिंगमध्ये, आणि या शेजारी ताट घेऊन भाकरीचा एकेक घास त्याच्या तोंडात घालताहेत!

मी तोंड उघडणार, तेवढ्यात गुंड्यानं माझा चमचा चोचीनं उडवून लावला, टुणकन त्यांच्या ताटाच्या काठावर जाऊन बसला आणि भाकरी कुरतडायला लागला.

सासूबाईंनी पुढचा घास निखिलच्या तोंडाशी नेला.

मी म्हटलं, "आई, माझं पिल्लू आपलं आपण खायला लागलं. तुमचं कधी लागणार?"