सात नंबरच्या स्लाइडखालचा अहवाल

मी, खाली सही करणारी, वय ३४ वर्षे, व्यवसाय नोकरी (लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत कागदपत्रांचे काम), राहणार बेकरीच्या वरचा दुसरा मजला, आज शुक्रवारी पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की,

जखमी इसम आमच्याकडे मुख्य मेकॅनिक आहेत. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मला कामावर त्यांनीच लावले.

दर सोमवारी मी आठवड्याच्या कामांचे प्रेझेंटेशन करून मेकॅनिकना आणि गिऱ्हाइकांना एकदमच पाठवते. या सोमवारी सात नंबरच्या स्लाइडवर वाचनालयाची लिफ्ट होती. त्यावर 'ब्रेक तपासणे, अहवाल पाहा' एवढेच लिहून खाली तपासणी अहवालाची लिंक दिली होती. पाठवताना कॉम्प्युटरने विचारले, जोडलेली फाइल समोरच्यांना उघडता येणार नाही, तिचीही परवानगी द्यायची का? मॅनेजर माझ्या खुर्चीमागे उभे होते. ते म्हणाले, "नको. अहवाल गिऱ्हाइकाच्या हाती लागला तर आपली शोभा होईल. मेकॅनिकना दुपारी वेगळा पाठव." मी 'नको' दाबले. दुपारी मेकॅनिकना अहवाल पाठवला नाही.

बुधवारी सकाळी ९.४० ला वाचनालयातून मास्तरांचा मेल आला, फाइल उघडू देण्याची विनंती करणारा. मी मॅनेजरच्या केबिनपाशी गेले. आत मीटिंग चालू होती. परत येऊन बसले, पुन्हा उठले. १०.१५ ला दुसरी विनंती आली. सोबत लिहिले होते, "छोटे, उघडत नाही गं हे. काय लिहिलंय त्यात?" मी पुन्हा दाराशी गेले. शिपाई म्हणाला, "बाई, किती येरझारा घालाल? बसा की जरा." मी पाणी प्याले. फोन टेबलावरच होता.

११.०५ ला तिसरा मेल पाहिला. तो १०.५० ला आलेला होता. "असू दे. इथे लोक घाई करतायत. उतरतो खाली." ११.०६ ला मी परवानगी दिली. फोन केला. पाच वेळा. सहाव्यांदा वाचनालयाच्या पहारेकऱ्याने उचलला.

लिफ्ट घसरली तेव्हा मास्तर खालच्या खड्ड्यात होते. त्याच संध्याकाळी त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला.

परवानगी मला माझ्या अधिकारात देता आली असती का, असे इथल्या पोलीस साहेबांनी विचारले. हो. एक बटण होते.

गुरुवारी दवाखान्यात ताई बाकावर बसली होती. तिने विचारले, "त्यांना काय हवं होतं ते तुला ठाऊक होतं ना?" मी हो म्हणाले. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. मास्तर शुद्धीवर होते. म्हणाले, "दाखव बघू आता, काय होतं त्यात." मी फोन त्यांच्यासमोर धरला. चौथ्या पानावर लिहिले आहे, ब्रेक बदलेपर्यंत लिफ्टखाली कोणीही उतरू नये. त्यांनी ते दोनदा वाचले. मग म्हणाले, "नीट लिहिलंय की." आणि डोळे मिटले.

हा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. सोमवारच्या दुपारबद्दल त्यांनी 'पाठवायचे विसरले' असे लिहिले होते. ते मी बदलायला लावले. मी विसरले नव्हते, मेकॅनिककडून अहवाल गिऱ्हाइकाच्या हाती लागेल आणि ते माझ्यावर येईल म्हणून घाबरले होते. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.